नोरकुल पैलवानाचा दंड

नोरकुल पैलवानाला जाऊन चाळीस वर्षे झाली होती, पण बोयसुनच्या बाजारात त्याचा दंड अजून जिवंत होता. चहाखान्याच्या चौथऱ्यावर बसलेली माणसे गावातल्या प्रत्येक नव्या पोराचा हात धरीत, दंड चाचपीत, अंगठ्याने दाबून पाहत आणि नापसंत मेंढीचा कान सोडावा तसा तो सोडून देत. "बरा आहे," म्हणत, "पण नोरकुलचा नाही."

बोरान हा त्या नोरकुलचा नातू. ज्या घरात असा माणूस होऊन जातो, त्या घरातल्या पोरांनी काय करावे हे कोणी सांगत नाही. किती करावे, हे मात्र रस्त्यावरचा प्रत्येक जण सांगतो.

मोजायचे साधन त्याच्या हाती आले ते नवरोजच्या दिवसांत. शेजारच्या गावातल्या लग्नात त्याने एक कुस्ती मारली आणि बक्षिसाचा बोकड खांद्यावर घालून तो घरी आला. त्याच संध्याकाळी त्याचे चुलते, एशबुरी अमाकी, त्याला मेंढवाड्यामागे घेऊन गेले आणि सदऱ्याखालून त्यांनी एक पट्टा काढला. काळे कातडे, टोकाला पितळी बकल, मध्ये दुआ लिहिलेल्या कागदाची त्रिकोणी पुडी शिवलेली. दंडावर बांधायचा ताईत होता तो. पट्ट्याला ओळीने भोके होती.

"तुझ्या आजोबांचा," अमाकी म्हणाले. "हे शेवटचं भोक बघ. बाबांना शेवटची आंघोळ घातली ना, तेव्हा बकल इथं होतं. मी एवढासा होतो. न्हाऊ घालणाऱ्या माणसांनी मला जवळ बोलावून दाखवलं, बघ रे, हा तुझ्या बापाचा दंड."

"बीबीला ठाऊक आहे?" बोरानने आजीबद्दल विचारले.

"तिच्याच पेटीतून काढलाय. ती आत्याकडे गेलीये म्हणून. तिला दाखवशील तर खबरदार. तुझ्या आजीनं माझं कातडं सोलून या ताइताशेजारी टांगलं तर तुझी काकू कुणाच्या नावानं रडणार?"

बोरान हसला. पट्टा त्याने उजव्या दंडावर चढवला आणि बकल शेवटच्या भोकात अडकवले. पट्टा सरळ कोपरापर्यंत घसरत आला. कोणीतरी दंडावरून हात फिरवून, अंदाज घेऊन, हात सोडून द्यावा तसा. मग तो एकेक भोक मागे येत गेला. अगदी पहिल्या भोकात पट्टा दंडावर घट्ट, नेमका बसला.

पहिल्या भोकात! त्याला शरम वाटली. ते भोक ओढून ओढून लांबट झालेले होते, कडा झिजून आरशासारख्या चमकत होत्या. बाकीची सगळी लहान, गोल, कोरी होती. आजोबांनी पोरवयात पट्टा तिथे बांधला असणार, असे त्याने मनाशी ठरवले. कातड्याला एक वास होता, भाजलेल्या कांद्याचा आणि मेंढीच्या चरबीचा. मेजवान्यांचा वास, त्याला वाटले. जिंकणाऱ्या माणसाचा वास.

त्या वसंतात आणि त्या उन्हाळ्यात त्याने स्वतःला जनावरासारखे राबवले. दगड उचलले, गव्हाची पोती उचलली, विहिरीवरच्या दोरावर हातांनी चढला. आणि रोज दिवेलागणीला तो मेंढवाड्यामागे जाऊन पट्टा बांधून पाही. पट्टा रोज शेवटच्या भोकातून घसरून कोपरावर येई. तो स्पर्श त्याच्या ओळखीचा झाला. दोन बोटे आणि एक अंगठा. बाजारातल्या कोणाचेही हात एवढे गार नव्हते.

त्याचे उस्ताद कोदिर हे फटकळ माणूस. एकदा त्यांनी त्याला चहाखान्याच्या खिडकीच्या काचेत दंड फुगवून पाहताना पकडले.

"काय मियाँ, काच काय म्हणते? लग्नाला तयार आहे का?"

चौथऱ्यावर हशा पिकला. बोरान कानापर्यंत लाल झाला.

"इकडे ये," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी त्याचे मनगट धरले. "पोती उचलून आल्यावर कुणाचाही दंड फुगलेलाच दिसतो. ते वारं आहे, ते उतरतं. सकाळी उठून, उपाशी पोटी, हात सैल सोडून माप. जो भरेल तो तुझा. आणि आधी हे मनगट बघ. हाड बारीक आहे तुझं. या हाडावर जेवढं मांस बसायचं त्यातलं बरंचसं बसलंय. आता वर्षाला अर्धं बोट वाढलं तरी मी माझी टोपी छतावर फेकीन."

"आजोबांचा केवढा होता, उस्ताद?"

"मी पाहिलं नाही त्यांना. आणि ज्यांनी पाहिलंय," त्यांनी चौथऱ्याकडे हनुवटी उडवली, "ते त्यांना दर वर्षी थोडं खायला घालतात. मेल्यावर एवढा जाड झालेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही."

या बोलण्याचा राग बोरानला आला नाही, एशबुरी अमाकींना आला. ते तिथल्या तिथे उठून उभे राहिले आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "शरदात हाजींच्या नातवाची सुंता आहे. कुस्त्या होतील. माझा पुतण्या त्या दिवशी माझ्या बापाचा ताईत बांधून उतरेल, शेवटच्या भोकात. तेव्हा बघा म्हणावं!"

तोंडातून गेलेला शब्द परत घेण्याची रीत त्या घरात नव्हती. बाजारातले बोलणे बीबीच्या कानी जाणार नाही, एवढ्याच आशेवर अमाकी राहिले. त्या दिवसापासून बोरानपुढे आखाडा राहिला नाही, प्रतिस्पर्धी राहिला नाही. फक्त एक भोक राहिले.

शरद आला तेव्हा पट्टा जेमतेम दुसऱ्या भोकापर्यंत पोचला होता, तोही दम रोखून धरला तर. मग बोरान कोणाला न सांगता दिनोवच्या बाजारात गेला. घोड्यांची औषधे विकणारा एक माणूस तिथे मागच्या खोलीत पोरांच्या दंडात तेलाच्या सुया टोचत असे. "आठ दिवसांत भरतो," तो म्हणाला. "थोडा ठणकेल. ठणकला म्हणजे वाढतोय."

ठणकला. तिसरे भोक आले. चौथे आले. दंड तापलेल्या भाकरीसारखा गरम लागू लागला, बोटांना मुंग्या आल्या, आणि बोरान खूश झाला. एका दुपारी अंगात कसर होती म्हणून तो ताईत बांधूनच लवंडला. जाग आली तेव्हा बकल पुढच्या भोकात होते. ते आपण सरकवल्याचे त्याला आठवेना. दार आतून बंद होते. खोलीभर भाजलेल्या कांद्याचा वास दाटला होता आणि घरात त्या वेळी चूल पेटलेली नव्हती.

आता पट्टा घसरत नव्हता. आता ती दोन बोटे आणि तो अंगठा त्याला धरूनच होते.

हाजींच्या अंगणाबाहेरच्या माळावर सारे बोयसुन लोटले होते. पुरुषांचे कडे बसले होते, त्यांच्यामागे उंचवट्यावर नमदे अंथरून बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध, पाठ ताठ ठेवून, बीबीसोरा, नोरकुलची विधवा. पंचांनी नाव पुकारले. बोरान कड्यात आला आणि त्याने अंगातला चापान उतरवला.

मग एक म्हातारा ओरडला, "नोरकुल! अरे, हा तर नोरकुलच!" आणि माणसे उठून उभी राहिली. काळा पट्टा लालभडक, ताणलेल्या दंडावर रुतून बसला होता. बकल शेवटच्या भोकात होते. एशबुरी अमाकी सगळ्यांदेखत रडत होते.

या क्षणासाठी बोरानने सहा महिने घालवले होते. पण त्याला गर्दी नीट दिसत नव्हती. घाम गार येत होता. समोरून मात्र पांढऱ्या ओढणीतले कोणीतरी पुरुषांच्या कड्यातून सरळ चालत येत होते. आखाड्यात बाई पाऊल टाकीत नाही. तिला अडवायला कोणी पुढे झाले नाही.

बीबीने त्याचा हात धरला, कातड्याला नाक लावले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा ती नातवाकडे नाही, बकलाकडे पाहत होती.

"हा कुणी बांधला?"

"शेवटचं भोक, बीबी," बोरानची जीभ जड झाली होती. "आजोबांएवढा. भरला."

"हे भोक त्यांचं नाही. हे मी पाडलंय. आरीनं."

पुढच्या रांगेतली माणसे पट्टा पाहायला वाकली.

"सरपणातला काटा लागला होता त्यांना," ती बोलू लागली. आवाज चढलेला नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "एवढासा काटा. हात सुजला. बर्फानं खिंड बंद, डॉक्टर खाली. मी मेंढीच्या चरबीत कांदा भाजून बांधत होते. सासूबाई म्हणाल्या, आजारात ताईत सोडायचा नाही, सोडला की माणूस सुटतो. सोडायचा नाही तर नाही. सूज चढेल तसं मी पुढचं भोक पाडत गेले. शेवटचं पाडलं तेव्हा ते मला ओळखत नव्हते. आणि तुम्ही," ती म्हाताऱ्यांकडे वळली, "तुम्ही त्यांना न्हाऊ घालताना ते भोक पाहिलंत आणि माझ्या पोराला म्हणालात, बघ, तुझ्या बापाचा दंड."

म्हाताऱ्यांनी टोप्या डोळ्यांवर ओढल्या.

"एशबुरी, रडायचं नंतर. गाडी काढ."

"आई, कुस्ती..."

"गाडी काढ म्हटलं ना! हा हात मी एकदा पाहिलाय."

तिने बकल सोडले. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या बोटांना जे करू दिले नव्हते, ते त्या बोटांनी एका झटक्यात केले. पट्टा निघाला तसा बोरानचा गुडघा टेकला. मात्र दंडावरची पकड निघाली नाही. इस्पितळापर्यंत, टेबलावर झोपवून गुंगीचा मुखवटा चढवीपर्यंत, ती तशीच होती.

डॉक्टरांनी दंड दोन ठिकाणी चिरला, पू काढला, सडलेले मांस काढले. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर हात खांद्यापासून गेला असता, असे ते म्हणाले. हात राहिला.

बर्फ वितळू लागले तेव्हा एका सकाळी बीबीने त्याला व्हरांड्यात बोलावले. तिच्या मांडीवर तो पट्टा होता. पुढची सारी भोके तिने मेणदोऱ्याने शिवून बुजवली होती. एकच उघडे होते, पहिले, लांबट, कडा झिजलेले.

"काही खाल्लंयस?"

"नाही अजून."

"बरं. हात सैल सोड. फुगवू नकोस, मी म्हणजे बाजारातले म्हातारे नव्हे. हे भोक त्यांचं. लग्न झालं त्या दिवसापासून ते आजारी पडेपर्यंत, सगळ्या कुस्त्या याच भोकात."

बोरान त्या चमकणाऱ्या कडांकडे पाहत राहिला. चरबीशिवाय, कांद्याशिवाय, त्या कातड्याला आता नुसता कातड्याचा वास येत होता.

"बीबी, मागच्या नवरोजला मी हा बांधला होता."

"कुठल्या भोकात बसला?"

त्याने बोट ठेवले. बीबीने त्या बोटाशेजारी आपला सुरकुतलेला अंगठा टेकवला.

"घट्ट?"

"घट्ट."

"म्हणजे दंड त्यांचाच होता," ती म्हणाली. "तुझ्या अंगावर होता. बाजाराला कळलं नाही, ते सोड. तुला कळायला हवं होतं."

मग तिने स्वतःच्या हाताने पट्टा त्याच्या दंडावर, चिरांच्या व्रणांवर बांधला. आत तिचे एक आख्खे बोट सहज गेले.

"एक बोट," ती म्हणाली. "दोन वर्षं लागतील. कोदिर सांगेल तेवढंच उचलायचं, आणि मोजायचं वर्षातून एकदा, नवरोजला, माझ्यासमोर. मी नसले तर हा पट्टा पेटीत राहील. त्याला हात लावायचा नाही."

ती उठून आत गेली. बोरानने हात खाली सोडला. सैल पट्टा व्रणांवरून सावकाश कोपरापर्यंत घसरत आला, कोणीतरी दंड चाचपून पाहावा तसा. दोन बोटे आणि एक अंगठा. तो श्वास धरून वाट पाहत राहिला. या वेळी तो हात नापसंत करून सुटला नाही.