हवा चांगली झाली का

आमच्या तांड्याचा नायक भावसिंग साठीच्या आतला, पण म्हाताऱ्यायची काळजी त्यालेच भारी. कुठंसं मोबाईलवर त्यानं आयकलं का उन्हात चक्कर येते, पावसात पाय घसरते, थंडीत अंग आखडते, अन् म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडते. झालं! लगेच फर्मान काढलं. साठीच्या वरच्या माणसानं खराब हवेत जमिनीवर पाय ठेवाचा नाई, बाजेवरच राहाचं; हवा चांगली झाली का मंगच उठाचं.

आता तुमीच सांगा, आमच्याकडं हवा चांगली असते कवा? दिवाळीपासून मी म्हातारी बाजेवर. थंडी गेली तं ऊन आलं. शेजारची बिजलीबाई तिच्या बाजेवरून वरडे, मी माह्या बाजेवरून. म्हटलं, "भावसिंग, हाड मोडन तं माहं मोडन, तुह्या बापाचं काय जाते?" पण माहा लेक लालसिंग नायकाच्या शब्दाबाहेर जात नाई, घाबरट कुठला!

वैशाखात नात बबिताचं लग्न निघालं, मांडव तांड्याच्या पल्याड माळावर. आमच्यात पोरगी सासरी निघताना घरच्या बायायच्या गळ्यात पडून गाऊन रडते. तेवढ्यासाठीच मी जीव धरून होती. अन् नेमका त्याच दिवशी उन्हाचा लाल इशारा!

नायक म्हणे, "काकी, घरूनच आशीर्वाद द्या."

"मी येणार! पाय टेकवाचा नाई ना? मंग बाजेसकट न्या मले."

त्यानं लय विचार केला. फर्मानात बसत होतं. मंग चौघायनं बाज खांद्यावर घेतली. ऊन लागू नये म्हणून लालसिंगनं मले डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीनं झाकलं.

मांडवात शिरलो अन् बँड बंद. मुकुटबनकडून आलेले वऱ्हाडी उठून उभे राह्यले, फेटे काढले. नवरदेवाचा बाप हात जोडून म्हणे, "तुमच्या घरात गमी झाली, माणूस गेलं. आमी वरात वापस नेतो." बबितानं "दादी वं!" म्हणून हंबरडा फोडला.

मी चादर फेकली. "जितीजागती हावो मी!"

"जितं माणूस चौघायच्या खांद्यावर येत नसते," तो म्हणे. "चालून दाखवा, तवाच लग्न लागन."

चौघायनं बाज खाली टेकवली. मी पाय खाली सोडले.

"काकी, नाई! हाडं!" नायक हात पसरून धावला. गारव्यासाठी मांडवात पाणी शिंपलं होतं. पाय सरकला अन् गडी धप्पकन आदळला. मनगट मोडलं.

मी उभी राह्यली. पण झोपून झोपून पायात जीवच राह्यला नव्हता हो! दोन पावलं टाकली अन् लटपटली. बबितानं पळत येऊन मले कवेत धरलं. तिनं माह्या गळ्यात पडाचं, तं मीच तिच्या गळ्यात पडली. तिचं निघाचं गाणं तिनं तिथंच सुरू केलं, अन् आमी दोघी धाय मोकलून रडलो. नवरदेवाच्या बापानं फेटा परत बांधला अन् बँड वाजवाले लावला.

नायकाले माह्याच बाजेवर टाकून दवाखान्यात नेलं. हाताले पलस्तर लावून आणलं अन् त्याच्या अंगणात बाजेवरच ठेवलं; मी बाजेपाशी पहाऱ्यावर बसली.

"काकी," तो कण्हत म्हणे, "मले उठू कवा देता?"

म्हटलं, "हवा चांगली झाली का."