थोरल्या विमानाची शिडी

"ह्याला एकही विमान पसंत पडत नाही," ग्लेंडा माझ्या कानाशी पुटपुटली. "बायको करताना एवढी पारख केली असती, तर आज दोघंही सुखात असतो."

तिचा नवरा ऑर्विल प्रेदर काचेला नाक लावून बाहेर बघत होता. बाहेर हवाई दलाचं थोरलं विमान उभं होतं. त्याचं खरं नाव नुसतं एक अक्षर आणि एक आकडा आहे, पण आम्ही त्याला थोरलं म्हणतो, कारण त्याच्या पोटात रणगाडे मावतात आणि माणसं वर माळ्यावर बसतात.

"डावीकडून गळतंय," ऑर्विल म्हणाला.

"पाऊस पडून गेलाय रे," टॅड म्हणाला. टॅड कोवाल्चिक आरमारात आचारी होता. निवृत्त झाल्यापासून तो घरी कमी आणि हवाई तळावरच्या ह्या प्रतीक्षागृहात जास्त असतो.

"पावसाचं पाणी मला कळतं. ते तेल आहे."

टॅडने मान डोलावली. मीही डोलावली. ते पाणीच होतं.

लष्करातून निवृत्त झालेल्यांना ह्या विमानांतली उरलेली जागा फुकट मिळते. उरलेली म्हणजे सगळी पंगत उठल्यावर पातेल्याच्या तळाशी जे राहतं ते. आधी कामावर निघालेले, मग रजेवरचे, मग त्यांची बायकापोरं, आणि सगळ्यांत शेवटी, सहाव्या वर्गात, आम्ही. म्हणून कुठे निघालात असं कुणी विचारलं की आमच्यातला शहाणा माणूस "जागा असेल तिकडे" म्हणतो. वीस वर्षं मी पॅराशूटच्या घड्या घातल्या, त्या बदल्यात आता फुकट फिरते. एकदा जर्मनीला म्हणून निघाले आणि अझोर्स बेटांवर आठवडाभर गाई बघत बसले. चीज चांगलं होतं. तक्रार नाही.

ग्लेंडाला मात्र जागा असेल तिकडे जायचं नव्हतं. तिला स्पेनला जायचं होतं. ऑर्विल नोकरीभर जगभर उडत राहिला आणि प्रत्येक देशातून तिच्यासाठी एक शोभेचा चमचा आणत राहिला. ओहायोतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतभर चमचे टांगलेत म्हणे. आख्खं जग भिंतीवर, आणि ही बाई त्याच्यावरची धूळ पुसणार. "निवृत्त झालो की तुला नेतो," हे त्याचं जुनं आश्वासन. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"स्पेनचा चमचा मी माझ्या हाताने उचलणार," ती म्हणाली आणि पिशवीतून निळा पोहण्याचा पोशाख काढून तिने मला दाखवला. तो तिने टॅडलाही दाखवला होता. सफाईवाल्या बाईलाही.

घाई एवढ्याचसाठी होती की पुढच्या आठवड्यात शाळांना सुट्टी लागणार होती. मग बदल्या झालेली कुटुंबं मुलांसकट येतात, आणि उन्हाळा सरेपर्यंत सहाव्या वर्गाकडे कुणी ढुंकून बघत नाही. धाकट्या विमानाला पायऱ्या कमी असतात, पण त्यात जागा निघाली की ती एकच निघायची. थोरल्यात जागा भरपूर, पण थोरलं आलं की ऑर्विलला त्यात खोट दिसायची. कधी चाक, कधी तेल, कधी वैमानिकाची चाल. "पाय कसे टाकतो बघा. हा माणूस झोपलेला नाही."

आणि नावं पुकारायच्या वेळी तो नेमका शौचालयात असायचा.

का, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तो खुर्चीतून उठायचा ते हप्त्याहप्त्याने. आधी हात, मग कंबर, मग बराच वेळ काहीच नाही, मग बाकीचा ऑर्विल. थोरल्याच्या माळ्यावर जायला उभी शिडी असते, आणि ती आपल्या पायांनी चढावी लागते. हे आम्हाला त्यानेच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, मोठ्या रंगात येऊन. कारण तो त्याच थोरल्यावर माल आणि माणसं चढवणारा सार्जंट होता.

"शिडीखाली उभं राहून मी विचारायचो, कुणाला अडचण आहे का? कोणी बोलत नाही. कधीच नाही. मग काय करायचं? चाकाकडे कोण बघतंय ते बघायचं. ज्याला चढता येत नाही तो चाकाकडे बघतो. एका कर्नलला मी तसाच खाली ठेवला होता. बोलला असता तर सोय केली असती त्याची."

आम्ही खूप हसलो होतो. ग्लेंडा नव्हती हसली.

नावं नोंदवायच्या खिडकीवरची सार्जंट ओकासिओ हुशार बाई. रोज सकाळी ती माइकवर सांगायची, "गुरुवारी भाड्याचं प्रवासी विमान स्पेनला जाईल. ज्याला जिना चढायला त्रास असेल त्याच्यासाठी उचलणारी गाडी लावू. फक्त त्याने स्वतः येऊन सांगायचं. आम्ही कुणाला विचारत नसतो." आणि हे सांगताना ती ऑर्विल सोडून सगळीकडे बघायची. ऑर्विल छताकडे बघायचा.

"भाड्याचं विमान," तो म्हणायचा. "त्यात काय मजा. ते लेकुरवाळ्यांसाठी."

त्या बुधवारी स्पेनला निघालेल्या, तेल गळणाऱ्या थोरल्याची नावं पुकारायला लागले. ऑर्विल शौचालयाकडे निघाला. सहाव्या वर्गापर्यंत नावं आली.

"प्रेदर, दोघं?"

"हजर," ग्लेंडा म्हणाली. "दोघंही."

ऑर्विल हात पुसत बाहेर आला तेव्हा टॅडने त्याच्या हातात खाण्याचा खोका ठेवला. "टर्की सँडविच," तो म्हणाला. "अभिनंदन."

ऑर्विलने खोक्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. बायकोने पिशवीची चेन लावली.

टॅडचं आणि माझंही नाव लागलं होतं. बसने आम्हाला विमानापाशी नेलं. बसमधून उतरताना ऑर्विलने दांडा दोन्ही हातांनी धरला, जणू तो पक्का बसवलाय की नाही ते तपासत होता. कामावरची माणसं भराभर शिडी चढून गेली. शिडी खरंच उभी होती. आमच्या आजीच्या माळ्याला असायची तशी, फक्त आमच्या आजीचा माळा एवढा उंच नव्हता.

खाली कानांवर हेडफोन लावलेली एक तरतरीत मुलगी उभी होती. आता ऑर्विलचं काम तिच्याकडे. "एक हात कठड्याला, सामान पाठीवर," ती म्हणाली. "कुणाला अडचण आहे का? असेल तर आत्ता सांगा."

कोणी बोललं नाही.

टॅड बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. मी सँडविचचा खोका उघडून आतलं सफरचंद तपासायला घेतलं. आमच्या मागची माणसंही अचानक आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधू लागली. कुणालाच चढायची घाई उरली नव्हती.

मुलीने रांगेवरून नजर फिरवली आणि ती ऑर्विलपाशी थांबली.

ऑर्विल चाकाकडे बघत होता.

"टायर बरा दिसतोय," तो म्हणाला.

"नवीनच आहे," ती मुलगी हळूच म्हणाली.

ग्लेंडा पुढे होती. तिने शिडीला हात लावला, एक पाय वर टाकला, वर बघितलं. मग मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. मी तिचा चेहरा पाहिला. चमचे पुसताना तो असाच होत असणार. तिने पाय खाली घेतला.

"बाळ, माझं नाव काढ," ती त्या मुलीला म्हणाली. "मला उंचीची भीती वाटते. आत्ताच कळलं. आम्ही दोघं घरी जातो."

"नक्की, मॅडम?"

"नक्की. डोकं गरगरतंय माझं. लहानपणापासून आहे."

मुलीने खिशातून पेन काढलं. ग्लेंडाने पिशवी छातीशी धरली आणि बसकडे वळली.

"थांब," ऑर्विल म्हणाला.

"चल ऑर्विल. माझंच चुकलं. मी हजर म्हणायला नको होतं."

"ग्लेंडा, थांब." त्याने चाकावरची नजर काढली आणि त्या मुलीकडे सरळ बघितलं, अगदी तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यापर्यंत. "हिला कसलीही भीती नाही. आमच्या घराच्या छपराची गळती हीच काढते, चोवीस फुटी शिडीवर चढून, आणि मी खाली उभा राहून शिडी धरतो. हिला स्पेनला जायचंय. मला ही शिडी चढता येत नाही."