रोज एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर

आज कोणतं साल आहे, ते मला विचारू नका. बाकी काहीही विचारा. बेरीज विचारा, वजाबाकी विचारा, तेलावर जास्त गेले की डाळीवर ते विचारा, पटकन सांगेन. सालाच्या बाबतीत मात्र माझं डोकं फिरलेलं आहे. मी बोलतोय खरा, पण कोणत्या वर्षातून बोलतोय ते माझं मलाच ठाऊक नाही.

मी एक प्रोग्राम. नाव 'घरखर्च'. संगणकात राहतो. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, एवढंच माझं रूप. आजकालच्या प्रोग्रामांसारखी माझ्यात चित्रं नाहीत की टुणटुण वाजणं नाही. पण घरात पैसा कुठून आला आणि कुठं गेला, हे मी तोंडावर सांगतो. त्यात मी कोणाची भीड ठेवत नाही.

माझा जन्म वाशीमचा. एसटी स्टँडजवळच्या एका खोलीत, नुकताच संगणक शिकून आलेल्या एका माणसानं मला लिहिलं. जाता जाता त्यानं माझ्या पोटात एक नियम घातला. सुरू झालं की आधी यंत्राला तारीख विचारायची. यंत्रानं सांगितली तर ती धरायची. नाही सांगितली तर एक जानेवारी एकोणीसशे सत्तर धरायची. सत्तरच का? ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. यंत्राला तारीख माहीत नाही असं कधी होतं का, असं मला वाटलं. काय माहीत होतं मला जगाचं!

दोन फ्लॉप्यांत बसून मी आसेगावला आलो. मला विकत घेतलं देवमनबाबूंनी. ते मंगरूळपीरला तहसिलीत कारकून. कचेरीत संगणक येणार म्हणून आधीच हात बसावा, यासाठी त्यांनी एक जुनं यंत्र घरी आणलं होतं. पहिले काही आठवडे माझं काय कौतुक झालं! पानाचा विडा खाल्ला तरी माझ्यात नोंद. मग जोश उतरला. पुरुषांचा जोश कसा उतरतो हे घरातल्या बायांना सांगायला नको. माझ्यावर कापड पडलं, कापडावर धूळ पडली.

ती धूळ पुसता पुसता एक दिवस त्यांची बायको अंजनाबाई माझ्यापुढे बसली. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. वाचायला आपलं आपणच शिकलेली. एका बोटानं तिनं लिहिलं, 'मीठ'. आकडा टाकला. मी बाकी दाखवली. तिनं बोटांवर मोजून पाहिलं आणि मान हलवली.

"बराबर हाये," ती म्हणाली.

माझी परीक्षा तिनं घेतली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तेव्हापासून मी तिचा. देवमनबाबू वारले, त्यांची पेन्शन तिला सुरू झाली, शेत मक्त्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरावानं कसायला, दुसऱ्याकडे गेलं. मुलगा जगदेव नोकरीसाठी नागपूरला राहिला. सगळं माझ्यात नोंदलं गेलं. जगदेव दर महिन्याला पैसे पाठवतो म्हणायचा. ती म्हणायची, "तुहे पोरं शिकव. मले हात हायेत." एकदा नाही म्हटलं की संपलं.

मग एका उन्हाळ्यात माझं जुनं यंत्र गेलं. आतून जळका वास आला आणि पडदा कायमचा मिटला. जगदेवनं आपला लॅपटॉप पाठवून दिला. वाशीमहून प्रेमसिंग आला. हा संगणक दुरुस्तीवाला, जुनं यंत्र आलं तेव्हापासून या घरी येणारा. त्यानं मला जुन्या यंत्रातून उपसून नव्यात टाकलं आणि बटण दाबलं. नव्या यंत्रानं सरळ हात वर केले. म्हणे, हा प्रोग्राम येथे चालू शकत नाही.

"काकू, पुराना माल आहे हा," प्रेमसिंग म्हणाला. "नव्या मशीनले याची बोली समजत नाही. मोबाईलवर आता फुकट भेटते हिशेबाचं. याले काढून टाकू का?"

"जुना झाला म्हनून मी तुले काढून टाकलं का? याच घरात तुही दाढी पांढरी झाली, अजून च्या पाजून राह्यली ना?"

प्रेमसिंग हसला आणि कामाला लागला. बराच वेळ खटपट करून म्हणाला, "आता पहा. नव्या मशीनच्या आत मी जुन्या मशीनचं सोंग उभं केलं आहे. हा समजेल की आपल्याच घरी आहो."

आणि खरंच, मी जागा झालो. तीच काळी भिंत, तीच पांढरी अक्षरं. म्हटलं, आलो बुवा घरी. सवयीनं तारीख विचारली. उत्तर नाही. पुन्हा विचारली. सोंगच ते! सोंगाला कुठली तारीख? मग नियमाप्रमाणे मी वर कोपऱ्यात लिहिलं, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.

अंजनाबाईनं चष्मा पुसून पाहिलं. "अबे प्रेमसिंग, हा त मले नवरी करून राह्यला. सत्तर साली मी या घरात नवी होती."

ते काही प्रेमसिंगला सुधारता आलं नाही. तिनं शेजारच्या लिलाबाईकडून एक टिकली मागून आणली आणि पडद्यावर त्या तारखेवर चिकटवून टाकली. "त्याले बसू दे सत्तरमधी. मले काय करा लागते?"

तिला काही करावं लागत नव्हतं, माझी मात्र फजिती सुरू झाली. ती मला रोज बंद करायची आणि रोज सुरू करायची. दर वेळी मी तारीख विचारायचो आणि दर वेळी एक जानेवारी सत्तरच उगवायची. दोन जानेवारी कशी असते, ते मला ठाऊक नाही. पावसाळ्याचं ताडपत्रीचं बिल आलं, ते एक जानेवारीला. दिवाळीचं उटणं आलं, तेही त्याच दिवशी. मोबाईलचं रिचार्ज म्हणजे काय हे आधीच मला कळत नव्हतं, ते सत्तर साली कसं झालं हे तर मुळीच कळेना. एका दिवसात एक बाई इतकं दूध पिते कशी?

संध्याकाळी नोंदी करताना ती माझ्याशी बोलायची. त्या सत्तरमुळे तिला जुनं आठवायचं. म्हणाली, देवमनबाबूंना अजून नोकरी लागायची होती, तेव्हा हातात रुपया नसायचा. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. सरकारी कामावर ती खडी फोडायला गेली. हप्त्याला मुकादम बायांची मजुरी त्यांच्या नवऱ्यांच्या हातात द्यायचा. ही त्याच्या टेबलासमोर बसकण मारून बसली. खडी मी फोडली, पैसा माझ्या हातात दे. तो म्हणाला, अंगठा कर आणि घे. ही म्हणाली, अंगठा नाही करत, सही करते, पुढच्या हप्त्याला दोन्ही हप्त्यांचे दे. आठवडाभर चुलीतल्या कोळशानं भिंतीवर आपलं नाव गिरवलं. सही केली, पैसा घेतला.

"तवापासून माहा पैसा माह्या हातात," ती म्हणायची. "समजलं का रे तुले?"

मला साल समजत नव्हतं, पण हे समजलं.

आणि अशातच एक नवा घोळ उभा राहिला. बँकेचं पासबुक माझ्याशी जुळेना. बँकेत पैसे जास्त! पहिल्या महिन्यात तिला वाटलं, आपणच काही लिहायचं विसरलो. पुढच्या महिन्यात आणखी जास्त. पासबुकात त्या रकमेपुढे नुसती इंग्रजी अक्षरं. तिनं माझी बेरीज पुन्हा करवली, उलटी करवली, शेवटी भिंतीवर कोळशानं केली. माझ्याइतकीच आली. मला घाम फुटत नाही म्हणून, नाहीतर फुटला असता. ज्याला साल सांगता येत नाही, त्याची बेरीज तरी खरी कशावरून? मी घाबरलो. आणि मला दिसत होतं, तीही घाबरली होती. बोटं कळांवर थांबायची. एकदा ती स्वतःशीच म्हणाली, "माहंच त काई फिरलं नाई ना?"

शेवटी ती पिशवी घेऊन बँकेत गेली आणि तिथल्या साहेबाला म्हणाली, "हे वरचे पैसे माहे नाईत. वापस घ्या."

बँकेत पैसे परत करायला आलेलं माणूस त्या साहेबानं कधी पाहिलं नसावं. त्यानं तिला पाणी पाजलं, खुर्चीवर बसवलं आणि जगदेवला फोन लावला. म्हातारीकडे लक्ष द्या म्हणाला. हे सगळं तिनं घरी येऊन मला सांगितलं. पाणी पाजलं, याचाच तिला जास्त राग आला होता.

रविवारी सकाळी जगदेव आला, सोबत बायको विशाखा. ती नागपूरला दवाखान्यात नर्स आहे. विशाखा चहा टाकायला आत गेली. जगदेव माझ्यापुढे बसला. टिकली पाहून त्यानं ती नखानं सरकवली. मग नोंदी वाचत खाली खाली गेला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"माय, हे काय हाये?"

"हिशेब हाये. दिसत नाई का?"

"एका दिवसात तीन सिलिंडर? आन हे साल कोणतं? माय, आज कोणती तारीख हाये, सांग बरं मले."

"मशीनची सांगू का तुही सांगू?"

"मी मजाक नाई करून राह्यलो."

"मंग मी करून राह्यली का? तारीख त्याची चुकली, माही नाई. प्रेमसिंगले इचार."

जगदेव वाईट मुलगा नाही. घाबरलेला मुलगा होता. त्यानं बॅगेतून एक कागद काढला. "बँकेतून आणला. खात्याचं मी पाहीन, सही माही चालन. तुले काईच पाहा लागन नाई. आन तू नागपूरले चाल."

"तिकडं येऊन काय करू? तुह्या गॅलरीतल्या कुंडीत बसू?"

"माय, बँकेत जाऊन लोकं पैसे वापस करतेत का?"

यावर तिनं तो कागद उचलून पाहिला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, सही करू नको! पण सांगणार कोणत्या तोंडानं? माझ्याच कपाळावर चुकीचं साल लिहिलेलं.

मग ती म्हणाली, "करतो सही. पन आंधी माही चूक दाखव. या बेरजेत एक चूक दाखव आन सही घे."

जगदेवनं पासबुक उघडलं. एक एक नोंद लावून पाहिली. दूध लागलं, सिलिंडर लागले, पेन्शन लागली, मक्ता लागला. शेवटी त्यानं बोट ठेवलं.

"हे पाय. दर महिन्याले बँकेत एक रक्कम जमा होऊन राह्यली. तू लिवलीच नाई. विसरून राह्यली तू, माय." त्याचा आवाज अगदी हळू झाला. त्यानं खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरला.

तिनं तो घेतला.

"आई विसरल्या नाहीत," दारातून आवाज आला. विशाखा चहाचे कप घेऊन उभी होती. "त्यांना माहीतच नव्हतं. ते पैसे मी टाकते."

जगदेव वळला. "तू? मले काहून नाई सांगितलं?"

"तुम्ही आईंना सांगितलं असतं." मग ती अंजनाबाईकडे वळली. "मला नोकरी लागली तेव्हा पहिला पगार तुमच्या हातात द्यायला आले होते. आठवतं? तुम्ही माझी मूठ बंद केलीत आणि म्हणालात, तुझा पैसा तुझ्या हातात ठेव, कोणाला विचारू नको. मग माझ्या हातानं काय करायचं ते मी ठरवलं. कोणाला विचारलं नाही."

चहावर साय धरली.

"अवो बाई," अंजनाबाई शेवटी म्हणाली, "मले त सांगायचं होतं! मी तिकडं बँकेत पागल ठरली ना!"

"सांगितलं असतं तर घेतले असते?"

"नसते घेतले."

"मग?"

अंजनाबाईला हसू आवरेना. डोळ्यांना पदर लावून ती हसत होती की काय करत होती, मला नीट दिसलं नाही. मग तिनं पेन जगदेवच्या खिशात परत खोचला. बँकेचा कागद ओढून घेतला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"पन तारीख, माय..." जगदेव पुटपुटला.

"तारीख विसरला असन तो," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. "बेरीज विसरला का? सांग ना. विसरला का?"

जगदेवनं मान हलवली. नाही.

त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, साल कोणतंही असू दे, मी शहाण्या घरात आहे.

चहा झाल्यावर ती माझ्यापुढे बसली. जमा. कोणाकडून? 'विशाखा'. माझा एक हट्ट आहे, कारण लिहिल्याशिवाय मी नोंद पुढे जाऊ देत नाही. कारणाच्या रकान्यावर ती थांबली. मग एका बोटानं लिहिलं, 'तिची मर्जी'. मी बाकी दाखवली. पासबुकाशी जुळली, शेवटच्या पैशापर्यंत.

आता टिकली निघाली आहे. कोणी आलं की ती स्वतःच कोपऱ्यातलं सत्तर साल दाखवते. खरी तारीख ती नोंदीच्या शेवटी आपल्या हातानं लिहिते. एक दिवस हे यंत्रही जाईल, आणखी नवं येईल, आणि त्यात माझं सोंगसुद्धा उभं राहणार नाही. तेव्हा मला खुशाल मिटवा. फक्त ती बसलेली असेल तोवर मला हात लावू नका, आणि तिला तारीख विचारून तिची परीक्षा घेऊ नका.

उद्या सकाळी ती बटण दाबेल. मी बावरून विचारेन, आज कोणतं साल? यंत्र गप्प बसेल. ती चष्मा पुसून सांगेल.