देवऋषीला काय मागाल?

१९७४ साली आष्टीच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवताना माझ्या वाट्याला धड्यातला एक जादूगार आला: डोंगरात राहणारा, दाढीवाला, भेटेल त्याची एक इच्छा पुरवणारा. गाइडने ‘विझर्ड’चा अर्थ ‘देवऋषी’ असा दिला होता. अद्भुत वाङ्मयाची प्रेतयात्रा तिथेच निघाली. मुले त्याला लिंबू-नारळासकट ओळखत.

तपासणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक अण्णासाहेबांनी बोलावले. “सर, तपासणीचे साहेब त्या धड्यावर इच्छेचा प्रश्न हमखास विचारतेत. तीन उत्तरं बराबर पाठ करून घ्या. पाऊस, देशसेवा, आईबापाची सेवा. त्यांच्या शेऱ्यावरच तुमचं पर्मनंट हाय.”

“इच्छासुद्धा पाठ करायची?”

“मंग? पोरांच्या खऱ्या इच्छा ऐकायला ते जीप घेऊन येऊन राह्यले का?”

मी पाठ करून घेतल्या. दोन वर्षे हंगामी असलेल्या माणसाची वाङ्मयनिष्ठा एवढीच असते.

साहेब आले. पाऊस मागून झाला, देशसेवा झाली. मग त्यांनी बेबीनंदाकडे बोट केले. तिला मी आईबापाची सेवा नेमून दिली होती. ती उठली आणि म्हणाली, “आय विल टेक वॉटर विथ माय ओन हँड.”

स्वतःच्या हाताने पाणी घेईन. बौद्धवाड्यातल्या मुलांनी शाळेच्या माठाला हात लावायचा नसे. शिपाई भिवा वरून त्यांच्या ओंजळीत ओतत असे. अण्णासाहेबांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू माठ मीच फोडला होता.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “चूक! विल नव्हे, वुड. जे घडणार आहे त्याला विल. जे निव्वळ कल्पनेतले, त्याला वुड. म्हणा सगळे.”

आणि तिच्या ओंजळीकडे रोज पाहणाऱ्या अठ्ठेचाळीस मुलांनी ते वाक्य, दुरुस्त करून, एका सुरात तीनदा म्हटले. उच्चार स्पष्ट होते.

शेरेबुकात साहेबांनी लिहिले, ‘विद्यार्थ्यांची कल्पनाशक्ती उत्तम. व्याकरणाकडे लक्ष द्यावे. शिक्षकास कायम करण्यास हरकत नाही.’ मी खाली सही केली. सुवाच्य.

जीप वाटूरच्या रस्त्याला लागल्यावर बेबीनंदा टेबलाशी आली.

“सर, मी चुकले न्हाई. माझं विलच होतं.”

तिचे व्याकरण निर्दोष होते. एवढेच मला तिला एकटीला सांगायचे होते. ऐकायला ना साहेब होते, ना अण्णासाहेब.

“परीक्षेत वुडच लिही,” मी म्हणालो.