तेरा अंशांचं पाणी

पार्कातल्या तळ्यावर माझं काम रोज सकाळी आठ वाजता सुरू होतं. धक्क्याच्या तिसऱ्या खांबाला एक दोरी आहे, दोरीच्या टोकाला थर्मामीटर. तो अर्धा मीटर खोल सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि आकडा वाचायचा. पंधरा अंश किंवा जास्त असेल तर हिरवी पाटी, म्हणजे पोहायला परवानगी. कमी असेल तर लाल पाटी, फक्त बोटी. डोंगरावरच्या बर्फाचं पाणी आहे. कुणी हौसेनं उडी मारली आणि अंग आखडलं, तर बोट पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

गेले नऊ दिवस लाल पाटी होती. रोज लोक खांद्यावर टॉवेल टाकून यायचे आणि तो बर्फ जणू मीच आणून टाकलाय अशा नजरेनं माझ्याकडे बघून परत जायचे.

दहाव्या दिवशी मावशी आली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, वय एकसष्ट. तीस वर्षं तिने इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढले. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं जलतरण तलावात पोहायला शिकली. "श्वास घ्या, धरा, सोडा, हे मी अख्ख्या गावाला शिकवलंय, मला कोण शिकवणार?" असं तिथल्या शिक्षकालाच सुनावून आली. मी तिला इथल्या खडकाचा फोटो पाठवला होता: काठापासून दोनशे मीटरवर, पाण्याच्या मधोमध, वरून सपाट. तेव्हापासून तिच्या डोक्यात तो खडक बसला होता. तिथवर पोहत जायचं. नऊ तासांचा बसचा प्रवास करून ती त्यासाठी आली होती, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या बसने परतणार होती.

धक्क्यावर पोचताच तिने पाटी पाहिली.

"लाल म्हणजे?"

"म्हणजे नाही, मावशी. तेरा पॉइंट दोन."

"आणि किती पाहिजे?"

"पंधरा."

"दोनानं कुणी नापास करतं का गं?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "बरं बरं. नियम तो नियम. माझ्यासाठी वाकवलास तर आधी मीच तुझी तक्रार करीन."

तिला बरं वाटावं म्हणून बोटवाल्या काकांनी तिला वल्ह्याच्या बोटीत बसवून तळ्याची चक्कर मारून आणली. काका वीस वर्षं इथे आहेत आणि मला 'शास्त्रज्ञ' म्हणतात, कौतुकाने नव्हे.

मावशी परतली ती एक बाही कोपरापर्यंत ओली करूनच.

"तुझं पाणी सगळीकडे सारखं नाहीये," ती म्हणाली. "मी सगळीकडे हात घालत गेले. तिकडे चांगलं होतं. धक्क्याजवळ आल्यावर एकदम झिणझिण्या."

"हाताला तापमान कळत नाही, मावशी," मी जरा शिष्टपणेच म्हणाले. "हात आधी कुठे होता त्यावर सगळं अवलंबून असतं. हाताला फक्त फरक कळतो."

"मग मी काय म्हणतेय? फरकच सांगतेय ना?"

काका वल्हं टेकवून खो-खो हसले. "घ्या शास्त्रज्ञ, उत्तर द्या."

मी खांबावरून दोरी सोडवली, थर्मामीटर घेतला आणि काकांना पुन्हा बोट काढायला लावली. बारा ठिकाणी मोजलं. सोळा, साडेसोळा, सतरा, एके ठिकाणी पंधरा पॉइंट नऊ. फक्त धक्क्याच्या आसपास तेरा. आणि धक्क्याकडे परत येताना मला तो दगडांचा बांध दिसला.

तो बांध आम्हीच घातला होता. दहा दिवसांपूर्वी. डोंगरावरून येणारा ओढा चिल्ल्यापिल्ल्यांच्या उथळ डबक्यात उतरायचा आणि पोरं कुडकुडायची. म्हणून मी, काका आणि पार्क सांभाळणाऱ्या रेंजर मॅडम अशा तिघांनी मिळून एक अख्खी दुपार दगड रचले आणि ओढा वळवला. डबकं छान कोमट झालं. पोरं खूश, आयाबाया खूश. वळवलेला ओढा कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही. तो सरळ धक्क्याच्या तिसऱ्या खांबाशी येऊन पडत होता.

मी तर या गार पाण्यावर टिपण लिहिलं होतं: 'उष्णता वाढल्याने बर्फ अधिक वितळत असून तळ्याचे तापमान घटले आहे.' खाली रेघ मारून. जागा तीच, खोली तीच, वेळ तीच, या शिस्तीचा मला इतका अभिमान होता की पाणीच बदललंय हे डोळ्यांसमोर असून दिसलं नाही.

आता रेंजर मॅडमना सांगायचं होतं. आणि आजच, मावशी येऊन टपकलेल्या दिवशी. ऑफिसच्या पायऱ्या चढताना माझे कान तापले होते.

मॅडमनी बारा आकडे वाचले. मग खिडकीतून खाली बघितलं. मावशी धक्क्यावर काकांना पोटावर आडवं घालून हात कसे मारायचे ते शिकवत होती.

"त्या कोण?"

"माझी मावशी."

"पोहायला आल्यात?"

"हो."

मॅडमनी बाराही आकडे पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"मॅडम, तुम्ही स्वतः मोजा," मी म्हणाले. "मी बोटीत येत नाही. उद्या सकाळी आठला, नेहमीसारखंच. तीन नव्या जागा तुम्हीच ठरवा. आणि सरासरी नको, तिन्हीतला सगळ्यात कमी आकडा पाटीवर लावू. तो पंधराच्या खाली आला तर लाल."

"आणि हे नऊ दिवस?"

"चुकीचे होते. लोकांना मी उगाच परत पाठवलं. तसं मी लिहून देते."

"आपण," मॅडम म्हणाल्या. "माझी पाठ अजून दुखतेय त्या दगडांनी."

सकाळी हवा गार होती. पाणी रात्रीत किती उतरतं हे मला माहीत होतं, आणि 'सगळ्यात कमी' असं मीच बोलून बसले होते. मावशी धक्क्यावर पोहण्याच्या कपड्यांवर स्वेटर घालून बसली होती, पिशवी बाजूला, बसचं तिकीट पिशवीच्या वरच्या खणात.

बोटीतून मॅडमचा आवाज आला, "सोळा पॉइंट एक."

मग, "पंधरा पॉइंट आठ."

तिसरी जागा मॅडमनी मुद्दाम ओढ्याच्या बाजूला निवडली होती. दोन मिनिटं. मावशीने माझा हात धरला. तिचा हात माझ्यापेक्षा गरम होता. मॅडमनी थर्मामीटर वर काढला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली ओढला.

"पंधरा पॉइंट तीन! लावा हिरवी, पण वाळूच्या बाजूला. धक्क्याशी अजून गारच आहे."

मावशीने स्वेटर माझ्या डोक्यावर फेकला आणि पलीकडच्या वाळूकडे चालू लागली. पाण्यात शिरताना "आई गं" एवढंच म्हणाली. मग गेलीच. मी आणि काका बोट घेऊन तिच्यामागून. ती सावकाश पोहते, दर चौथ्या हाताला एकदा श्वास, डोकं अजिबात न डगमगता. अर्ध्यात थांबली तेव्हा मी काकांना बोट तिच्याजवळ घ्यायला लावली. पण ती नुसती पाठीवर उलटी होऊन आकाश बघत होती.

"दमलात का ताई?" काकांनी विचारलं.

"गप्प बसा हो. तीस वर्षांत छताशिवाय काही पाहिलं नाहीये."

खडकाला तिचा हात लागला तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. ती वर चढली, पाय पाण्यात सोडून बसली. लांब काठावर दोन कुटुंबं हिरव्या पाटीसमोर उभी होती, खरं की खोटं अशा विचारात. मग त्यांच्यातला एक टकलू गृहस्थ धपकन पाण्यात पडला आणि सगळे आरडाओरडा करत त्याच्यामागे.

"मावशी, चल. बोटीत ये. कपडे बदलायचेत, बस आहे."

"याच्या पुढची बस कधी?"

"रविवारी. आज गुरुवार आहे."

मावशीने बोटं दुमडून मोजलं. "म्हणजे अजून तीन सकाळी," ती म्हणाली, आणि बोटीच्या उलट्या बाजूने पाण्यात उतरली.