लाल बाण

शर्टांच्या कारखान्यात मी तपासनीस आहे. खोट दिसली की तिथे लाल बाणाचं स्टिकर लावायचं, एवढंच काम. बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतेय, त्यामुळे स्वभावही तसाच झालाय, असं नवरा म्हणतो. म्हणेना का!

धाकटी जाऊ माझ्याच टेबलावर होती. आमचा सुपरवायझर दर गुरुवारी चार वाजता सगळ्यांना उभं करून आठवड्याच्या चुका वाचतो आणि प्रत्येकीला काहीतरी लागेल असं बोलतो. बाळंतपणानंतर जाऊ जरा भरली होती. तिला तो ‘गोदाम’ म्हणायला लागला. सगळ्या हसल्या. एकदा मीही हसले. जाऊ आधी बाथरूममध्ये लपून बिस्किटांचे पुडे संपवायची, मग तिने खाणंच टाकलं. आता महिना झाला, भिंतीकडे तोंड करून पडून असते. चहाशिवाय पोटात काही जात नाही. डॉक्टर म्हणाल्या, मनाचं दुखणं आहे, वेळ लागेल. लागू दे वेळ. पण त्या मेल्याला मी सोडणार नव्हते.

संधी त्यानेच आणून दिली. कारखान्यात आरोग्याची मोहीम निघाली: काय खाल्लं, कधी खाल्लं, तेव्हा मन कसं होतं, हे दोन आठवडे कागदावर लिहायचं. सुपरवायझर म्हणाला, “मॅनेजर मॅडमसमोर मोठ्याने वाचायचं. कोण किती चरते, कळू दे सगळ्यांना.”

टेबलावर मी सगळ्यात जुनी, म्हणून कागद माझ्याकडे जमा झाले. अकरा कागद. जेवणाच्या सुट्टीत चाळले आणि माझा घास हातातच राहिला. आमच्याकडे साधा नियम आहे. एका शर्टाची शिवण चुकली, तर शर्ट बाजूला काढायचा. अकरा शर्टांवर एकाच जागी तीच खोट दिसली, तर कापडाला बोल लावायचा नाही, मशीन थांबवायचं.

गुरुवारी मॅडम आल्या. “चला, बघू किती हादडलंत,” सुपरवायझर मला म्हणाला.

मी नावं गाळून वाचायला लागले. “गुरुवार, साडेचार. नुसती साखर, सहा चमचे. रडू येत होतं. गुरुवार, पाच. आख्खा केक, उभ्याने. स्वतःची किळस आली. गुरुवार, रात्री काहीच नाही. घास उतरला नाही.” तो आधी हसत होता. पाचव्या कागदाला त्याचं हसू मावळलं.

“ठरवून लिहिलंय सगळ्यांनी!” तो ओरडला.

“गुरुवारी चार वाजता काय असतं?” मॅडमनी विचारलं.

कधीही तोंड न उघडणारी बटणवाली म्हणाली, “हे आमच्या चुका वाचतात. आणि आम्हाला नावं ठेवतात.”

मी एक बाण सोलला आणि सरळ त्याच्या खिशावर चिकटवला. “मॅडम, खोट इथे आहे. मशीन थांबवा.” काय बरं वाटलं म्हणून सांगू! मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. आख्खा कारखाना ओलांडून तो छातीवर बाण घेऊन गेला; काढायचं भान त्याला राहिलं नव्हतं आणि कुणी आठवणही करून दिली नाही. शुक्रवारपासून आमच्याकडे दुसरा माणूस आला.

त्या गुरुवारीच संध्याकाळी जावेसमोर उकडलेलं अंडं ठेवून मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती हळूच माझ्याकडे वळली. महिन्याभरात पहिल्यांदा.

“बाण तसाच होता?”

“तसाच!”

“एखादा उरलाय का?”

जपून ठेवायचा असेल, असं वाटून मी पर्समधून काढून दिला. तिने तो सावकाश सोलला आणि माझ्या छातीवर दाबून लावला.

“त्या दिवशी तुम्हीही हसला होतात, ताई.”

मी बाण तसाच राहू दिला. तिने बशी पुढे ओढली आणि माझ्याकडे बघत ते अंडं सगळं खाल्लं.