सूनबाई, किती वाजले?

मच्छिंद्रचं असं आहे, आधी त्याचा आवाज घरात येतो आणि मग तो. त्या गुरुवारी सकाळी त्याने जिन्यातूनच हाळी दिली, "वहिनी, आपला पिच्चर चाललाय!" आणि हेमाताईंच्या हातातली गवारीची शेंग मोडायची राहून गेली.

त्या लगबगीने उठल्या. पाहुण्याला पाणीसुद्धा न विचारता त्याला गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं. आत श्यामरावांची पूजा चालली होती.

"हळू बोला हो भावजी. कुठला पिक्चर?"

"कुठला म्हंजी? आपन काय धा-बारा काढलेत व्हय? 'सांजवेळची सून'! हितं कर्वेनगरात कॉलेजची पोरं दर म्हैन्याला लावत्यात. हॉल फुल्ल. उभं राहून बघत्यात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एक पोरगी मला हुडकत वारज्यात आली की. शेवटाला नावं येत्यात ना, त्यात 'विहीर – मच्छिंद्र, वारजे' असं लिवलंय. आता विहिरीवर बिल्डिंग हाय, पन तिनं पत्ता काढलाच. म्हनली, डायरेक्टर सर आहेत का हो अजून? मी म्हनलं, आहेत म्हंजी काय, रोज कीर्तनात झांजा वाजवत्यात! ह्या रविवारी तीन वाजता दोघास्नी बोलावलंय. पैल्या रांगेत."

हेमाताईंनी विचारू नये ते विचारलं. "बघून काय करतात मुलं?"

मच्छिंद्रचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आता खोटं कशाला बोलू वहिनी. हासत्यात. लई हासत्यात."

"घड्याळाला?"

"घड्याळाला तर इचारूच नका."

हेमाताईंनी नकळत आपलं डावं मनगट पदराखाली घेतलं. "यांना यातलं काही सांगू नका. आणि त्या मुलीला कळवा, आम्हाला जमणार नाही म्हणून."

"बरं," मच्छिंद्र म्हणाला. पण ते म्हणताना तो त्यांच्याकडे नाही, दोरीवरच्या टॉवेलकडे बघत होता.

एकतीस वर्षांपूर्वी श्यामराव सिनेमावेडे होते. दिवसा एका कचेरीत कारकुनी करायची आणि रात्री वहीत चित्रपट लिहायचे. हाताशी काय, तर कुणाकडून मागून आणलेला कॅमेरा, दुसऱ्यांच्या सिनेमांतून उरलेले रिळांचे तुकडे, आणि वारज्याचा शेतकरी मित्र मच्छिंद्र, त्याचं घर अन् त्याची विहीर. तेवढ्यावर त्यांनी भयपट काढला. कथा साधी होती. पाणी शेंदताना सून विहिरीत पडते, घरातलं कुणी तिला शोधायला जात नाही, आणि मग रोज सांजवेळी ती हडळ होऊन दारात येते.

हडळीचं काम करायला नाटकातली एक बाई ठरली होती. तिने विहिरीत वाकून पाहिलं, पायरीवरची धामण पाहिली आणि कोथरूडला जाणारी पहिली बस धरली. मग हडळ झाल्या हेमाताई. शाळेत मराठी शिकवायच्या, शाळा सुटली की तशाच वारज्याला यायच्या, हिरवं लुगडं नेसायच्या, केस सोडायच्या. दुपारच्या उन्हात, भिंगापुढे निळी काच लावून त्यांची सांज व्हायची.

शेवटच्या दिवशी मुलींच्या चाचण्या होत्या, उशीर झाला. धावतपळत येऊन लुगडं नेसल्या आणि उभ्या राहिल्या. हात दाराच्या फळीवर टेकला, वाक्य म्हटलं, रीळ संपलं. मनगटावरचं घड्याळ काढायचं राहिलं होतं.

ते कळलं थेटरात. मोठ्या पडद्यावर दिवेलागणीची हडळ दारावर हात ठेवते, आणि त्या हातावर हे एवढं घड्याळ! सव्वाचार वाजलेले. कुणीतरी आपल्या अस्सल पुणेरी सुरात विचारलं, "सूनबाई, किती वाजले?" दुसरा म्हणाला, "सव्वाचार. चहाची वेळ झाली, दार उघडा तिला!" झालं. लोक खुर्च्या बडवून हसले. पुढची दहा मिनिटं पडद्यावर काय चाललंय ते कुणाला ऐकूच आलं नाही. चौथ्या दिवशी सिनेमा उतरला.

श्यामराव एक शब्द बोलले नाहीत. वहीत पुन्हा काही लिहिलं नाही, थेटरची पायरी चढले नाहीत. कचेरी सुटली की देवळात कीर्तनाला जाऊन बसू लागले. तिसऱ्या खांबाशी, झांजा घेऊन. पुढे हेमाताईही जाऊ लागल्या, आणि खरं सांगायचं तर त्या कीर्तनांनीच दोघांचा संसार तोलून धरला. पण त्या सिनेमाचं नाव घरात निघालं नाही. हेमाताईंनी त्या दिवसानंतर हातात घड्याळ घातलं नाही. पुढची वीस वर्षं शाळेच्या घंटेवर काढली. आपल्या एका विसराळूपणाने नवऱ्याचं मन मोडलं, ही बोच त्यांनी देवापुढेही कधी बोलून दाखवली नाही.

आणि आता तेच हसू पुन्हा? श्यामरावांना शहात्तराव्या वर्षी, पहिल्या रांगेत बसवून?

रविवारी त्या एकट्याच निघाल्या. "निवृत्त शिक्षिकांची सभा आहे," म्हणाल्या. श्यामराव वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "ये जाऊन." त्या मुलांना दोन शब्द सुनवायचे, असं त्यांनी रिक्षात मनाशी ठरवलं होतं. शब्दही ठरले होते.

हॉलच्या दाराशी एक मुलगी उभी होती. हातात हिरव्या बांगड्या, बांगड्यांच्या वर पुरुषी घड्याळ. हीच ती मच्छिंद्रला भेटलेली अपूर्वा, हे कुणीतरी तिला हाक मारल्यावर कळलं. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं मनगट ती बघत होती. ज्याच्या हातात घड्याळ नाही त्याला थांबवायचं आणि बॉलपेनने मनगटावर घड्याळ काढायचं. कीर्तनाला आलेल्याला दारात बुक्का लावावा तसं, अगदी मन लावून.

"काकू, फर्स्ट टाइम ना? घड्याळ नाही? हात द्या."

शब्द सुनवायचे राहिले आणि हेमाताईंनी हात पुढे केला. एकतीस वर्षं मोकळं असलेलं मनगट त्या मुलीने हातात घेतलं आणि गोल काढला. लहान काटा चारवर, मोठा तीनवर.

"सव्वाचारला लहान काटा चारच्या थोडा पुढे असतो," हेमाताईंच्या तोंडून गेलंच.

"टीचर होतात ना तुम्ही?" अपूर्वा हसली आणि तिने काटा दुरुस्त केला.

त्या शेवटच्या रांगेत बसल्या. दिवे मालवले, रेघोट्या पडलेला तो सिनेमा सुरू झाला, आणि हॉल बोलायला लागला. छत्रीच्या कापडाची वटवाघळं उडाली, तर "छत्री मिटा, आत आलात!" गावात नवीन आलेला मास्तर पाटीखालीच उभा राहून रस्ता विचारतो, तर शंभर मुलं एकसुरात म्हणाली, "पाटी वाचा!" सासू विहिरीकडे निघाली तर "सासूबाई, नका जाऊ!" वाक्यन् वाक्य त्यांना पाठ. हेमाताई अंग चोरून बसल्या होत्या खऱ्या, पण मनात एक विचार हळूच डोकावला. हे सगळं आपण रोज कीर्तनात बघतो की. आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं. शेवटी काय होणार ते लहान पोरालाही माहीत असतं. तरी लोक येतात, बुवांच्या आधी ओळ म्हणतात, आणि बुवा रागावत नाहीत.

मग तो प्रसंग आला. दार. दारावर हात. हॉलमधले सगळे हात वर गेले.

"सूनबाई, किती वाजले?"

"सव्वाचार!"

हशाने छत हललं. हेमाताईंनी डोळे मिटून घेतले. आता दहा मिनिटं हेच, त्यांना वाटलं. पण कुणीतरी "शूऽऽ" केलं. मग दुसऱ्याने केलं. वर गेलेले हात खाली आले आणि हॉल असा शांत झाला की मशीनची घरघर ऐकू यावी. त्या शांततेत त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. पस्तिशीतला, दिवसभर शिकवून बसलेला.

"दार उघडा ना. मी घरचीच आहे."

हे वाक्य त्यांनी भरल्या सभागृहात आज पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी हशात ते बुडालं होतं. हेमाताईंनी डोळे उघडले. पुढच्या रांगेतला एक धिप्पाड, दाढीवाला मुलगा चष्मा काढून डोळे पुसत होता. आत्ता याच्याच हसण्याने खुर्ची हलत होती. बुवांचंही असंच असतं. आधी पोट धरून हसवतात, आणि माणूस हसून सैल झाला, सावध राहिला नाही, की एकच ओळ अशी म्हणतात की ती थेट आत जाते. बुवा ते जाणून करतात. इथे ते एका विसरलेल्या घड्याळाने केलं होतं.

बाहेर पडताना त्यांनी अपूर्वाला गाठलं. "तुम्ही हसायला येता की रडायला?"

"हसायलाच, काकू. पण तो डायलॉग..." तिने मनगटावरचं घड्याळ सरकवलं. "ती भुतासारखी बोलतच नाही ना. माझी आई ऑफिसमधून लेट आली की सेम अशी बोलते. बेल न वाजवता. तिच्याही हातात घड्याळ असतं. मला वाटतं घड्याळ आहे म्हणूनच ती खरी वाटते."

हेमाताईंनी आपण कोण ते सांगितलं नाही.

घरी पोहोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. तिसऱ्या मजल्यावर धाप लागली आणि रोजच्या सवयीने त्या म्हणाल्या, "अहो, दार उघडा."

"उघडंच आहे. ये."

श्यामराव कीर्तनाला निघायच्या तयारीत होते, झांजा पिशवीत भरत होते. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. हेमाताईंनी हात पुढे केला, आणि दोघांची नजर एकाच ठिकाणी गेली. निळ्या शाईतले सव्वाचार.

"सभेत हल्ली घड्याळं काढतात का?" श्यामरावांनी विचारलं.

मग काय लपवणार! त्या खुर्चीत बसल्या आणि सगळं बोलल्या. आमंत्रण, खोटी सभा, हशा, शांतता. शेवटी ते एकतीस वर्षांचं, "माझ्यामुळे गेला हो तुमचा सिनेमा. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण मला कळतं. एक घड्याळ काढायला विसरले मी."

श्यामरावांनी झांजेची दोरी बोटाला गुंडाळली.

"तू विसरलीस. मी नाही विसरलो. संकलनाच्या टेबलावर ते घड्याळ मी पन्नास वेळा पाहिलं. कात्री माझ्या हातात होती, हेमा. तेवढा तुकडा कापला असता तरी कथेचं काही अडलं नसतं."

"मग?"

"मग तुझं वाक्य गेलं असतं. हडळीच्या आवाजात म्हण, म्हणून महिनाभर कानीकपाळी ओरडत होतो. त्या दिवशी तू दमलेली होतीस, नुसतं घरी आल्यासारखं म्हणालीस. अख्ख्या सिनेमात तेवढंच खरं होतं. म्हटलं, राहू दे घड्याळ, लोकांचं लक्ष वाक्याकडे जाईल." ते कसनुसं हसले. "गेलं नाही. आणि शाळेत पोरी तुला हडळबाई म्हणायला लागल्या. तू घड्याळ घालणं सोडलंस. तेव्हाच ठरवलं, पुन्हा या फंदात पडायचं नाही. माझ्या हौसेपायी तुझं हसं झालं. मी कोणत्या तोंडाने बोलणार होतो?"

एकाच घरात, एकाच ताटाशी बसून दोघांनी एकच ओझं वाहिलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं ते आपलं एकट्याचंच.

"आणि आमंत्रण मला बुधवारीच कळलं होतं," श्यामराव म्हणाले. "मच्छिंद्रने देवळात सांगितलं. मी बजावलं होतं, हेमाला कळू देऊ नकोस."

"तरीच तो टॉवेलकडे बघत होता!"

दोघं हसली. हसता हसता हेमाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मनगटाने पुसलं नाही, पदराने पुसलं. शाई फिसकटली असती. त्या संध्याकाळी कीर्तनात हातावर ते निळं घड्याळ आणि कपाळी बुक्का, अशाच त्या बसल्या.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी तिघं गेली. मच्छिंद्रने कडक इस्त्रीची टोपी घातली होती. दारात श्यामरावांनी सगळ्यांसारखा हात पुढे केला आणि बॉलपेनचं घड्याळ काढून घेतलं. अपूर्वाला खरं काय ते कळल्यावर ती आधी किंचाळली, मग तिने वाकून नमस्कार केला. श्यामरावांनी एकच अट घातली. पहिली रांग नको, भाषण नको. ते बाजूच्या खांबाशी बसले.

दार आलं. हात आला. अंधारातून शंभर आवाजांनी विचारलं, "सूनबाई, किती वाजले?"

कुणी उत्तर देण्याआधी हेमाताईंनी ते दिलं. पाठीमागच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या, वर्गातल्या खणखणीत आवाजात. "सव्वाचार!"

माना वळल्या. तो आवाज पोरांनी ओळखला असावा, कारण या वेळी हशा अर्ध्यातच विरला आणि कुणाला शूऽऽ करावं लागलं नाही.

"दार उघडा ना. मी घरचीच आहे."

श्यामराव पडद्याकडे बघत होते. त्यांचा हात हेमाताईंच्या हातावर होता, आणि ओठ हलले तेव्हा शेजारच्या मच्छिंद्रलाही ऐकू गेलं नाही.

"उघडंच आहे," ते म्हणाले. "ये."